कोबी मिठात घालायची रात्र

न्यू जर्सीच्या बर्गन काउंटीत नोव्हेंबर लागला की कोरियन दुकानांच्या दाराशी नापा कोबीची, म्हणजे लांबट चायनीज कोबीची, खोकी रचली जातात. शेजारी जाड्या मिठाच्या गोण्या, मिरचीची मोठाली पाकिटं, कोपरापर्यंत येणारे गुलाबी रबरी हातमोजे आणि लहान मूल आंघोळीला बसेल एवढी प्लॅस्टिकची घमेली. पॅलिसेड्स पार्क हे इथलं छोटं गाव, पण निम्म्याहून जास्त वस्ती कोरियन वंशाची. ब्रॉड अव्हेन्यूवर दुकानांच्या पाट्याही कोरियन लिपीत. १९६५ च्या कायद्यानं अमेरिकेची दारं आशियाई लोकांसाठी उघडली, त्यानंतर ही मंडळी न्यूयॉर्क परिसरात वाढत गेली. १९८२ साली क्वीन्सच्या वुडसाइडमध्ये सुरू झालेलं एच मार्ट या किराणा दुकानांच्या साखळीचं पहिलं दुकान याच वस्तीच्या गरजेतून उभं राहिलं. किमची म्हणजे मिठात खारवून, मिरची-लसणाच्या मसाल्यात आंबवलेला कोबी. थंडीभर पुरेल एवढी ती एकदम घालायची, याला किमजांग म्हणतात. युनेस्कोच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत २०१३ साली दक्षिण कोरियाचं आणि २०१५ साली उत्तर कोरियाचं किमची घालणं नोंदलं गेलं. इथे ते चर्चच्या तळघरात होतं, गॅरेजमध्ये होतं, दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्येही होतं.

कोरियन मालिका पाहणाऱ्यांना किमजांग म्हटलं की एकच दृश्य आठवतं. बायका गोल बसल्यात, हात लाल झालेत, कोबीच्या पानात मसाला गुंडाळून एकमेकींना भरवणं चाललंय. ते खरंच तसं असतं, पण तो शेवटचा तासा-दोन तासांचा भाग. किमची बरी होणार की बिघडणार हे त्याच्या आदल्या रात्री, कोबी मिठात घालताना ठरतं. हे मुद्दाम सांगते, कारण आपल्याकडची मंडळी किमची करायला घेतात तेव्हा सगळा जीव मसाल्यात ओततात आणि कोबीला तासभर मीठ चोळून मोकळे होतात. मग चार दिवसांत बरणीत पाणी सुटतं, मसाला तळाशी बसतो, आणि वर्षानुवर्षं लोणची घालणाऱ्या हातांनाही वाटतं की हे आपलं काम नव्हे.

पुढची सगळी मापं तीन गड्ड्यांची, म्हणजे साधारण सहा किलो कोबीची आहेत. चार माणसांच्या घराला ही किमची दीड-दोन महिने जाते.

कोबी निवडताना गड्डा हातात तोलून बघायचा. आकाराच्या मानानं जड हवा, पण दगडासारखा कडक नको. फार घट्ट बांधलेल्या गड्ड्यात मीठ आतपर्यंत शिरत नाही. बाहेरचं पान खारट आणि गाभा कोरा राहतो. दोन किलोच्या आसपासचा, बाहेरून हिरवा, आत पिवळसर, पांढरे दांडे पातळ असलेला गड्डा उत्तम. दांड्यावर मिरीच्या पुडीसारखे काळे ठिपके दिसतात, त्याला घाबरायचं कारण नाही. ती कीड नव्हे आणि चवीतही फरक पडत नाही. थंडी पडल्यावर निघालेला कोबी गोड असतो आणि त्यात पाणी कमी असतं, म्हणूनच हे काम नोव्हेंबरातलं. मुंबई-पुण्याच्या मोठ्या मंडयांत चायनीज कोबी म्हणून हाच मिळतो. तिथला गड्डा बहुतेक लहान आणि पाणीदार असतो, त्याला मिठात कमी वेळ पुरतो.

गड्डा सुरीनं आरपार कापायचा नाही. बुडाकडून बोटभर लांबीपर्यंत सुरी घालायची आणि तिथून दोन्ही हातांनी फाडायचा. आरपार कापला तर आतल्या कोवळ्या पानांचा चुरा होतो आणि तो धुताना वाहून जातो. फाडलेल्या अर्ध्या भागाच्या बुडाला मधोमध आणखी एक चीर द्यायची, म्हणजे नंतर त्याचे सहज दोन भाग होतात. बूड मात्र काढायचं नाही, सगळी पानं त्यालाच धरून राहतात. २०१४ च्या एका कोरियन मालिकेत सासू जावयाच्या थोबाडीत किमचीचा लडदा हाणते, ती चित्रफीत जगभर फिरली. तो लडदा तिच्या हातात तसा एकसंध राहतो तो या न कापलेल्या बुडामुळेच.

आता मीठ. कोरियात समुद्राचं, मिठागरातलं जाडं मीठ वापरतात, म्हणजे आपलं खडे मीठच. बारीक आयोडिनयुक्त मीठ घेतलं तर ते झटकन विरघळतं, पानं वरवर खारट होतात आणि दांडा ताठच राहतो. खडे मीठही नुकतं आलेलं ओलसर असेल तर कडवट लागतं, म्हणून कोरियन आज्या मिठाची गोणी विटांवर ठेवून तिच्यातलं कडू पाणी महिनोन्‌महिने झिरपू देतात. अमेरिकेत बरेच जण कोशर मीठ, म्हणजे तिथलं जाडसर दाण्याचं मीठ, घेतात, आणि तिथे एक मोठा घोटाळा होतो. डायमंड क्रिस्टल या ब्रँडचं कपभर मीठ साधारण १४० ग्रॅम भरतं, मॉर्टनचं २४० च्या घरात. कपाचं माप सांगणारी पाककृती एका मिठानं बेताची उतरते आणि दुसऱ्यानं तोंडात घालवत नाही. मीठ वजनानंच घ्या.

सहा किलो कोबीला एकूण ९०० ग्रॅम मीठ. त्यातलं ६०० ग्रॅम सहा लिटर पाण्यात विरघळवायचं. प्रत्येक अर्धा भाग त्या पाण्यात बुडवून, पानं सुटी करून ओला करायचा आणि निथळून काढायचा. उरलेलं ३०० ग्रॅम मीठ कोरडंच, पान उचलून-उचलून बुडाजवळच्या पांढऱ्या दांड्यांवर भुरभुरायचं. हिरव्या पातळ भागावर अजिबात नको. तो नुसत्या खाऱ्या पाण्यानंच मऊ पडतो. मग कापलेली बाजू वर ठेवून कोबी घमेल्यात रचायचा, उरलेलं पाणी वरून ओतायचं आणि ताटावर जड भांडं ठेवून दाबायचा. चार-पाच तासांनी खालचे वर, वरचे खाली.

फ्लॅटमध्ये एवढं घमेलं ठेवायला जागा नसते. बाथटबमध्ये कोबी खारवल्याच्या आठवणी जुन्या कोरियन घरांमध्ये आजही निघतात. आता कोरियन दुकानांत किमजांगसाठीच्या जाड, खाद्यपदार्थांना चालणाऱ्या मोठ्या पिशव्या मिळतात. मला तर घमेल्यापेक्षा त्याच बऱ्या वाटतात. कोबी आणि मीठपाणी पिशवीत भरायचं, हवा काढून तोंड बांधायचं आणि दर दोन-तीन तासांनी अख्खी पिशवी उलटी करायची. पाणीही निम्मं लागतं.

किती वेळ? घरात १८ ते २० अंश असेल तर आठ ते दहा तास. थंड गॅरेजमध्ये बारा-चौदा. आपल्याकडच्या उकाड्यात पाच-सहा तासांतच काम होतं. घड्याळापेक्षा दांड्यावर भरवसा ठेवा. आतला एक जाड दांडा घेऊन वाकवायचा. कट्‌कन मोडला तर अजून वेळ आहे. दुमडून दोन्ही टोकं जवळ आली तरी मोडला नाही, की झालं. पण चावल्यावर तो कुरकुरीत लागला पाहिजे. चिंधीसारखा लोळला म्हणजे वेळ जास्त झाला. रात्री झोपण्यापूर्वी घालून पहाटे उठून बघायचं ते यासाठीच.

मग तीन पाण्यांत धुवायचा. दुसऱ्या पाण्यानंतर आतल्या गाभ्याचं पान खाऊन बघा. ते चवदार भाजीपेक्षा किंचित जास्त खारट लागावं. फारच खारट झालं असेल तर साध्या पाण्यात अर्धा-पाऊण तास ठेवून पुन्हा चाखा, आणि भरताना मधूनमधून मुळ्याचे मोठे कच्चे तुकडे खोचा. ते जास्तीचं मीठ ओढून घेतात आणि पुढे तेच आधी संपतात. मीठ कमी पडलं असेल तर मात्र पंचाईत. मसाल्यात मीठ वाढवून ते भरून निघत नाही, कारण दांड्यातलं पाणी नंतर बरणीत सुटतं आणि सगळं पचपचीत करतं. त्यापेक्षा कोबी आणखी दोन तास मीठपाण्यात परत घाला. धुतल्यावर कापलेली बाजू खाली करून रोळीत दोन-तीन तास निथळू द्या. घाई करायची असेल तर दुसरीकडे करा, इथे नको. सहा किलोंचा कोबी आता साडेचार किलोंच्या आसपास भरतो.

निथळतोय तोवर मसाला. आधी पेज: चार मोठे चमचे चिकट तांदळाचं पीठ तीन कप पाण्यात गुठळी न होऊ देता शिजवायचं, पळीवाढं झालं की उतरवायचं आणि पूर्ण गार होऊ द्यायचं. साधं तांदळाचं पीठही चालतं. पेजेमुळे मसाला पानाला धरून राहतो आणि आंबवणाऱ्या जिवाणूंना खायला मिळतं. कोमट पेजेत लसूण घातली तर ती अर्धवट शिजते आणि किमचीला शिळा वास येतो.

गार पेजेत ४०० ग्रॅम गोचुगारू. ही कोरियन मिरची बिया काढून, जाडसर कुटलेली, लालभडक आणि मध्यम तिखट असते. ती नसेल तर ब्याडगी रंगाला सगळ्यात जवळची, पण दुकानातली बारीक पूड घेऊ नका. तिचा लगदा होतो आणि किमचीचं पाणी गढूळ दिसतं. अख्खी ब्याडगी आणून, बिया झटकून, मिक्सरमध्ये थांबत-थांबत जाडसर फिरवा. ती ३०० ग्रॅम पुरे. लवंगी किंवा गुंटूरच्या वाटेला जाऊ नका; किमचीत मिरची भरपूर पडते, ती एवढी तिखट असेल तर दुसरं काही कळतच नाही. मिरची पेजेत अर्धा तास भिजली की रंग खुलतो.

त्यात सोललेली लसूण २०० ग्रॅम, आलं फक्त ३० ग्रॅम, एक मोठा कांदा आणि एक नासपती, सगळं एकत्र वाटून. आलं वाढवायचा मोह आपल्याला फार होतो. वाढवलं तर मुरल्यावर कडवटपणा येतो. मग कपभर फिश सॉस आणि अर्धा कप खारवलेली कोळंबी. ही सेउजत नावाची कोळंबी आपल्या जवळ्याएवढी बारीक असते, मिठात मुरवलेली, बाटलीत मिळते. सुका जवळा हा तिचा पर्याय नव्हे, त्याचा वासच वेगळा. शाकाहारी करायची असेल तर पेजेसाठी साध्या पाण्याऐवजी केल्प हे समुद्री शेवाळ आणि सुके शिताके मशरूम उकळलेलं पाणी घ्या, आणि फिश सॉस व कोळंबीऐवजी सोया सॉस आणि थोडं मीठ. कोरियातल्या बौद्ध मठांत तर लसूण आणि कांद्याची पातही वर्ज्य असते. तिथली किमची आलं, मिरची, मुळा आणि सोया सॉस एवढ्यावर उभी राहते. चातुर्मासात कांदा-लसूण न खाणाऱ्या घरांनी ती करून बघावी, छान होते. विकतच्या किमचीत मात्र बहुतेक वेळा कोळंबी किंवा मासळी असते, पाकिटावरची घटकांची यादी वाचूनच घ्या.

पाऊण किलो मुळा उभा, काडेपेटीच्या काडीएवढा चिरायचा, किसायचा नाही. किसला की पाणी सोडतो. आधी त्याला मूठभर मिरची चोळून रंग चढवायचा आणि मग मसाल्यात घालायचा. कांद्याची पात आणि मोहरीची कोवळी पानं बोटभर लांब चिरून सगळ्यात शेवटी, वरखाली करण्यापुरतीच. ती चुरडली तर कच्चा हिरवट वास उतरतो.

आता ते मालिकांमधलं दृश्य. लडदा डाव्या हातात आडवा धरायचा, सगळ्यात बाहेरच्या पानापासून एकेक पान उचलत जायचं आणि मसाला मुख्यतः पांढऱ्या दांड्याला लावायचा. हिरव्या टोकाला हात पुसल्याइतका पुरे. टोकं मसाला शोषून फार खारट होतात. सगळी पानं झाली की लडदा मधोमध दुमडायचा आणि सगळ्यात बाहेरच्या पानानं तो बांधल्यासारखा गुंडाळायचा, म्हणजे आतला मुळा सांडत नाही. डब्यात कापलेली बाजू वर ठेवून रचायचा, प्रत्येक थर मुठीनं दाबायचा. हवेचे खिसे राहिले तर तिथेच आधी बिघडतं. वर मिठात मऊ झालेली जुनी बाहेरची पानं पांघरायची. मसाल्याच्या परातीत कपभर पाणी फिरवून तेही वरून ओतायचं. डबा चार पंचमांशच भरायचा. आतून दाबायचं दुसरं झाकण असलेले जाड प्लॅस्टिकचे डबे इथे मिळतात, ते सर्वांत सोयीचे. काचेची बरणी असेल तर झाकण सैल ठेवा आणि खाली ताट ठेवा; किमची पहिल्या दिवसांत वायू सोडते आणि लाल पाणी बाहेर येतंच. घट्ट लावलेल्या काचेच्या बरण्या फुटतात.

त्या दिवशी कोवळी पानं, उरलेला मसाला आणि उकडलेलं डुकराचं मांस असं जेवण सगळ्या हातांना मिळतं. कामाला आलेली प्रत्येक बाई आपला डबा भरून नेते.

१८-२० अंशांत एक ते दोन दिवस बाहेर, मग फ्रिजमध्ये. मुंबईच्या उकाड्यात सहा ते दहा तास पुरतात. दाबल्यावर बारीक बुडबुडे आले आणि आंबूस वास सुटला की आत न्यायची. सुरुवातीला ल्युकोनॉस्टॉक जातीचे जिवाणू काम करतात, त्यांच्या वायूनं किमचीला जिभेवर चुरचुरणारा ताजेपणा येतो. पुढे लॅक्टोबॅसिलसच्या कुळातले जिवाणू आंबटपणा वाढवतात. थंडी जितकी जास्त, तितका पहिला टप्पा लांबतो. कोरियात जमिनीत पुरलेली मडकी हेच करायची. १९९५ पासून दिमचे नावाच्या खास किमची फ्रिजनं ती जागा घेतली, कारण तो शून्य अंशाच्या आसपास स्थिर राहतो. साध्या फ्रिजमध्ये चार अंश असतं आणि दार सारखं उघडतं. म्हणून डबा सगळ्यात खाली, मागच्या भिंतीशी ठेवा. इथल्या कितीतरी कोरियन घरांच्या गॅरेजमध्ये किमचीचा वेगळा फ्रिज असतो, आणि त्यामागे चवीइतकंच दुधाला-केकला वास लागू नये हेही कारण असतं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी चाखलीत तर ती ना कच्ची ना मुरलेली, थोडी कडू आणि विस्कटलेली लागते. इथेच बरेच जण साखर-मीठ घालून बिघडवतात. तशीच राहू द्या, आठवड्या-दोन आठवड्यांत सावरते. पाण्याला तार सुटली तर साखर किंवा फळ जास्त झालंय. बहुतेक वेळा आंबटपणा चढला की तार जाते. वरची पातळ पांढरी साय यीस्टची, हवा लागल्यामुळे धरलेली. ती काढून, खालची किमची धुऊन शिजवून वापरता येते. केसाळ बुरशी, निळी-काळी-गुलाबी, दिसली तर डबा टाकून द्या. लसूण हिरवी-निळी पडली तर काळजी नको. दांडे मऊ पडले असतील तर कारण एकच, आदल्या रात्री मीठ कमी किंवा नंतर बाहेर जास्त वेळ.

नापा कोबीच मिळत नसेल तर काय होतं, याचं उत्तर मध्य आशियात आहे. १९३७ साली सोव्हिएत सरकारनं अतिपूर्वेतल्या कोरियन लोकांना उचलून कझाकस्तान-उझबेकिस्तानात नेऊन टाकलं. तिथे हा कोबी नव्हता, गाजरं होती. त्यांनी गाजर बारीक उभं चिरून, मीठ-व्हिनेगर लावून, वर लसूण, मिरची, धणे घातले आणि कडकडीत तेल ओतलं. हे मोर्कोवचा आज तिथल्या बाजारात सगळेच लोक विकत घेतात. आपल्या हाताला फोडणीची सवय असल्यानं ते पहिल्याच वेळी जमतं.

शेवटी डब्यांची वाटणी. आताची खायची किमची वर सांगितल्याप्रमाणे. वसंतापर्यंत ठेवायच्या डब्यासाठी मसाला वेगळा काढा: कांदा, नासपती आणि पात नको, पेज निम्मी, मीठ किंचित चढं. सहा महिन्यांवर मुरलेल्या या किमचीला मुगुनजी म्हणतात, आणि तिचं खरं काम शिजवण्यात आहे. कोकणातल्या वाचकांसाठी एकच सांगते. मुगुनजीचा लडदा मसाला झटकून पातेल्याच्या तळाशी पसरा, वर बांगड्याचे तुकडे, थोडी लसूण, चमचाभर मिरची, आणि बुडेपर्यंत तांदळाचं दुसरं धुवण. मंद आचेवर झाकून अर्धा-पाऊण तास. किमचीचा आंबटपणा आमसुलाचं काम करतो, त्यामुळे आमसूल घालू नका, आणि मीठ शेवटी चाखूनच.